आखडलेले पाय, धरलेली कंबर: एका ट्रॅक्टर ड्रायव्हरचं प्रकरण

पोळा झाला की आमच्या भागातल्या ट्रॅक्टरवाल्यांना जरा उसंत मिळते. उन्हाळ्यातली नांगरणी, मग वखरणी, मृगाची पेरणी असं सगळं उरकलेलं असतं आणि सोयाबीनच्या मळणीला अजून अवकाश असतो. वर्षभर अंगावर काढलेली दुखणी याच दिवसांत ओपीडीत येतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी फिजिओथेरपीचे पेशंट पाहते, तिथलं हे प्रकरण. ओळख पटू नये म्हणून नाव, गाव आणि काही बारीकसारीक तपशील गाळले आहेत. गावात त्यांना सगळे भाऊच म्हणतात, मीही तसंच म्हणते.

भाऊंचं वय 41. घरची चार एकर कोरडवाहू, त्यात कपाशी आणि तूर. त्यावर भागत नाही म्हणून गेली नऊ-दहा वर्षं दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. हंगामात दिवसाचे दहा-दहा तास सीटवर. कंबर तीन वर्षांपासून दुखते. सुरुवातीला नांगरणीपुरती दुखायची, आता बाराही महिने. दुखणं कंबरेच्या खालच्या भागात, डाव्या बाजूला जास्त, कधीकधी डाव्या कुल्ल्यात आणि मांडीच्या मागे ओढल्यासारखं. गुडघ्याखाली काही नाही. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही.

कधी जास्त दुखतं असं विचारलं तर म्हणाले, "ट्रॅक्टरवरून उतरलो का दहा पावलं वाकूनच चालतो मॅडम, मंग कंबर सरकी होते." हे एक वाक्य मी जसंच्या तसं केसपेपरवर लिहून घेतलं. पुढच्या सगळ्या तपासणीची दिशा त्यातच होती. दुसरी तक्रार सकाळी तोंड धुताना वाकायची. तिसरी त्यांनी सांगितली नाही, वहिनींनी सांगितली: संडासला उकिडवं बसलं की टाच टेकत नाही, भिंतीला हात लावून बसतात.

इलाज बरेच झाले होते. गोळ्या, दर पंधरवड्याला एखादी सुई, कंबरपट्टा, ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ओढणं), शेक, करंट, शिवाय जवळच्या गावातल्या एकाकडून चोळून घेणं. शेवटी एमआरआय. त्यात चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती थोडी फुगलेली निघाली. 'गादी सरकली, जपून राहा, नाहीतर ऑपरेशन' असं कोणीतरी सांगितल्यापासून भाऊ वाकायचेच बंद झाले होते. चप्पल पायानेच सरकवून घालायची. खाली पडलेला पाना पोराला उचलायला लावायचा. बाजेवर झोपायचं, कारण फरशीवरून उठता येत नाही, आणि बाज मध्ये खोल गेलेली.

आधी काय नाही ते

पाय आखडलेले दिसले की ताणायला लागायचं, ही घाई आमच्या भागात परवडत नाही. कंबरदुखीच्या आड इथे बरंच काही लपलेलं असू शकतं. मणक्याचा टीबी पहिला. संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, घरात कोणाला टीबी, हे सगळं विचारलं. नाही. लघवी-संडासावरचा ताबा, मांड्यांच्या मधल्या भागाचा बधिरपणा, पायातली ताकद कमी होणं, हेही नाही. यातलं एक जरी असतं तरी व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी पुढे पाठवलं असतं.

विदर्भात आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात, ज्या पुण्या-मुंबईच्या फिजिओच्या डोक्यात पटकन येणार नाहीत. एक सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. इथे तो घराघरांत आहे, आणि सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडून ते झिजतं तेव्हा पेशंट कुल्ला आणि मांडी आखडल्याचीच तक्रार घेऊन येतो. अशा खुब्याला ताण देत बसलं तर नुकसानच. भाऊंची सिकलसेलची तपासणी आधीच झालेली होती, निगेटिव्ह. तरी खुबा आतबाहेर फिरवून पाहिला. मोकळा होता, दुखला नाही. दुसरी गोष्ट पाण्यातलं फ्लोराइड. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे. वर्षानुवर्षं असं पाणी पोटात गेलं की अस्थिबंधांत चुना साठतो आणि पाठ लाकडासारखी ताठर होते. तो ताठरपणा ताणून जाणारा नसतो. भाऊंच्या घरी नळाचं पाणी होतं, दातांवर डाग नव्हते, कोपर-खांदे मोकळे होते, एक्स-रेमध्ये हाडं नेहमीसारखी दिसत होती.

सकाळची जखडण दहा-पंधरा मिनिटांत मोकळी व्हायची आणि श्वास घेताना छाती नीट फुगत होती, त्यामुळे मणक्याच्या संधिवाताची शंकाही मागे पडली.

तपासणी

उभं राहून गुडघे न वाकवता खाली वाकायला सांगितलं. बोटं जमिनीपासून 38 सेंटिमीटरवर थांबली. पण आकड्यापेक्षा वाकण्याची तऱ्हा महत्त्वाची. निरोगी माणूस वाकतो तेव्हा थोडी कंबर वाकते आणि मग ओटीपोटाचं हाड खुब्यावर पुढे फिरतं. दोघं मिळून काम करतात. भाऊंची कंबर पहिल्या वितीतच गोल व्हायची आणि खुबा जागचा हलत नव्हता. जे वाकणं दोघांत वाटून घ्यायचं ते एकटी कंबर करत होती.

पाठीवर झोपवून पाय सरळ वर उचलला. उजवा 60 अंशांवर थांबला, डावा 50 वर. मांडीच्या मागे ओढ. आता ही ओढ स्नायूची की नसेची? पाय त्याच उंचीवर धरून पाऊल वर वळवलं, ओढ वाढली नाही. मग खुर्चीवर पोक काढून बसवलं, हनुवटी छातीला लावायला सांगितली आणि गुडघा सरळ करत नेला. ओढ आली तिथे थांबून मान वर करायला लावली. ओढ नसेची असती तर मान वर करताच सैल झाली असती. तशीच राहिली. बोटांची ताकद, गुडघ्याची आणि घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया, कातडीची संवेदना, सगळं व्यवस्थित.

खुबा आणि गुडघा काटकोनात धरून मग गुडघा सरळ करायची चाचणी घेतली. सरळ व्हायला 20 अंशांपर्यंत कमी पडलं तर आम्ही ते चालवून घेतो. भाऊंचं उजवीकडे 30 आणि डावीकडे 40 अंश कमी पडत होतं.

इथवर पाहून कोणीही म्हणेल, हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचे स्नायू) आखडली आहे, ताणा. पण ट्रॅक्टरवरून उतरल्यावरची ती वाकलेली दहा पावलं हॅमस्ट्रिंगची नव्हती. बसून उठल्यावर सरळ होता येत नाही तेव्हा खुब्याच्या पुढच्या बाजूला पाहायचं असतं. टेबलाच्या काठावर झोपवून एक गुडघा छातीशी धरायला लावला आणि दुसरी मांडी खाली लोंबकळू दिली. ही थॉमस टेस्ट. एकोणिसाव्या शतकातल्या ह्यू ओवेन थॉमस यांनी ती मुळात खुब्याच्या आजारात वाकून बसलेला सांधा ओळखण्यासाठी वापरली होती. आज आम्ही ती रोज खुर्चीवर आणि सीटवर बसणाऱ्यांसाठी वापरतो. भाऊंची डावी मांडी टेबलापासून चांगली 15 अंश वर हवेतच राहिली. गुडघा सरळ करून दिला तेव्हा थोडी खाली आली, पूर्ण नाही. म्हणजे मांडीचा पुढचा स्नायूही आखडलेला आणि सोअसही, म्हणजे कंबरेच्या मणक्यांपासून खुब्याच्या पुढून जाणारा खोलवरचा स्नायू. डावा पाय क्लचवर असतो, हे इथे आठवावं.

पोटरीही तशीच. पायाचा अंगठा भिंतीपासून जितका दूर ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवता येतो ते अंतर मोजतात. उजवीकडे 7 सेंटिमीटर, डावीकडे 4. उकिडवं बसताना टाच का उचलते याचं उत्तर तिथेच मिळालं.

शेवटची चाचणी साधी होती. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलायची आणि मग एक पाय सरळ करायचा. डाव्या पायावर तोल घेतला आणि सहा-सात सेकंदांतच भाऊंनी मांडी धरली. मागे गोळा आला होता, डोळ्यांना दिसेल असा घट्ट, हाताला दगडासारखा. हे काम कुल्ल्याच्या मोठ्या स्नायूचं. तो हात आखडता घेत होता आणि त्याचं ओझं हॅमस्ट्रिंग ओढत होती.

वेदना कामाच्या दिवशी दहापैकी 7. रोलँड-मॉरिस प्रश्नावलीत, म्हणजे कंबरेमुळे रोजची कोणती कामं अडतात याच्या 24 विधानांच्या यादीत, भाऊंनी 14 ठिकाणी हो म्हटलं.

स्नायू आखूड की ताणलेला?

हॅमस्ट्रिंग म्हणजे बसायच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जाणारे तीन स्नायू. सोअस समोरून येतो: कंबरेच्या मणक्यांनाच चिकटलेला, खुब्याच्या पुढून खाली मांडीच्या हाडाला. ओटीपोटाचं हाड या दोघांच्या मध्ये. पुढचा स्नायू आखडला की ते हाड पुढे झुकतं आणि कंबरेची पोकळी वाढते. त्याच वेळी मागचं बसायचं हाड वर जातं आणि तिथून निघालेली हॅमस्ट्रिंग उभ्या-उभ्याच ताणली जाते. बाजेची दोरी एका अंगाने ओढली की दुसऱ्या अंगाची ताठ होते. ती आखूड झाली असं कोणी म्हणत नाही.

म्हणून मला असं पाहायचं होतं की भाऊंची हॅमस्ट्रिंग खरंच किती आखूड आहे आणि किती ओढून धरलेली आहे. त्याच बैठकीत फक्त डाव्या खुब्याच्या पुढच्या बाजूवर काम केलं. मांडी टेबलाबाहेर लोंबकळत ठेवून त्यांना माझ्या हाताविरुद्ध वर दाबायला लावलं, पाच-सहा सेकंद दाब, मग सैल, मग थोडी आणखी खाली. असं चार-पाच वेळा. हॅमस्ट्रिंगला हातही लावला नाही. लगेच गुडघा सरळ करायची चाचणी पुन्हा घेतली तर 40 चे 31 झाले होते. उभं राहून भाऊ दोन-तीन पावलं चालले आणि म्हणाले, "डावा पाय हलका वाटून रायला."

याला मी सिद्धता म्हणणार नाही. ताण दिल्यावर लगेच मिळणारी सूट बऱ्याचदा स्नायू लांब झाल्याची नसते, मेंदूने ओढ सहन करायची तयारी दाखवल्याची असते. पण काम कुठे सुरू करायचं ते त्या चाचणीने सांगितलं. आणि एक स्पष्ट सांगायला हवं: आखडलेली हॅमस्ट्रिंग आणि कंबरदुखी या दोन गोष्टी पुष्कळदा सोबत दिसतात, तरी कोणामुळे कोण हे अभ्यासांनी एकमुखाने सांगितलेलं नाही. जमिनीला बोटं न टेकणारी, तरीही कंबर न दुखणारी माणसं गावोगाव सापडतील. पायाचा ताठरपणा त्या माणसाच्या दुखण्याशी जोडलेला आहे का, हे त्याच माणसावर पाहावं लागतं.

इलाज

पहिली बैठक बरीचशी बोलण्यात गेली. एमआरआयचा कागद भाऊ प्लास्टिकच्या पिशवीत, देवाच्या पोथीसारखा जपून आणत होते. त्यांना सांगितलं की कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय काढून पाहिलेले आहेत. 2015 मध्ये अशा तीन हजारांहून जास्त लोकांचे अहवाल एकत्र मांडले गेले, त्यात चाळिशीतल्या निम्म्या लोकांची चकती फुगलेली होती आणि 68 टक्क्यांची झिजलेली. दुखत मात्र कोणालाच नव्हतं. केस पिकतात तशी चकतीही वयाने बदलते. वाकल्याने ती सटकून बाहेर पडत नाही. भाऊंचा विश्वास बसायला वेळ लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून विचारलं, "मंग ऑपरेशन तं नाई ना लागत?"

कंबरपट्टा हळूहळू सोडायला सांगितला. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या; त्यात पट्टे, ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड आणि करंटचा शेक हे नेहमीचे इलाज म्हणून देऊ नयेत असंच म्हटलं आहे, आणि समजावून सांगणं व व्यायाम यांना वरची जागा दिली आहे. तालुक्याच्या ठिकाणी अजून नेमकं उलटं चालतं, कारण मशीन लावलं की पेशंटला इलाज झाल्यासारखा वाटतो. सुईबद्दल इतकंच सांगितलं की ती कशाची आहे ते विचारल्याशिवाय घ्यायची नाही, आणि वेदनाशामक गोळी-सुई वरचेवर घेतली तर पोट आणि मूत्रपिंड दोन्ही भोगतात.

व्यायाम घरच्या वस्तूंवर बसवले. खुब्याच्या पुढच्या बाजूसाठी घडी घातलेल्या बारदान्यावर डावा गुडघा टेकवून, उजवा पाय पुढे. इथे बहुतेक लोक कंबर मागे वाकवून पुढे झुकतात आणि ताण खुब्याऐवजी कंबरेतच घेतात. भाऊंनीही पहिल्यांदा तेच केलं. मग डावा कुल्ला घट्ट आवळायचा, बेंबी वर खेचायची आणि तसंच राहून वीतभरच पुढे सरकायचं, असं शिकवलं. इतक्या कमी हालचालीत मांडीच्या मुळाशी ओढ येते यावर त्यांचा विश्वास बसेना. "इतकंच?" इतकंच. 30 सेकंद, दोन्ही बाजूंना तीन-तीन वेळा, सकाळ-संध्याकाळ. हॅमस्ट्रिंगच्या ताणावर झालेल्या जुन्या प्रयोगांत 30 सेकंदांऐवजी मिनिटभर धरून जास्त फायदा दिसला नव्हता, म्हणून आम्ही तिथेच थांबतो.

हॅमस्ट्रिंगसाठी दाराची चौकट. उंबऱ्याशी पाठीवर झोपायचं, एक पाय चौकटीला टेकवून वर, दुसरा दारातून सरळ बाहेर. कंबर फरशीला टेकलेली राहते, त्यामुळे ओढ मांडीतच येते. चौकटीच्या जितकं जवळ सरकू तितका ताण वाढतो, म्हणजे माप आपोआप मिळतं. रोज किती जवळ गेलो त्याची खडूने खूण करायला सांगितलं. ट्रॅक्टरवर असताना चौकट नसते, तेव्हा धुऱ्यावर झोपून तळपायात दुपट्टा अडकवायचा. (हा दुपट्टा व्यायामापुरताच, मळणी यंत्राच्या शाफ्टजवळ गळ्यात दुपट्टा ठेवून जाणाऱ्यांचं काय होतं ते आमच्याकडे कोणाला सांगायला नको.) पोटरीसाठी भिंतीला हात लावून मागची टाच जमिनीला, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा थोडा वाकवून, कारण खालचा स्नायू गुडघा वाकवल्याशिवाय ताणात येत नाही.

ताणाबरोबर ताकद पहिल्याच आठवड्यात सुरू केली. नुसता ताण दिलेला स्नायू दोन दिवसांत पुन्हा आखडतो असा माझा अनुभव आहे. दोन्ही पायांवर कंबर उचलणं, योगातल्या सेतुबंधासनासारखं, पण टाचा कुल्ल्याजवळ घेऊन आणि आधी कुल्ले आवळून, म्हणजे मांडीत गोळा येत नाही. मग काठी. पाठीला लावलेली काठी डोकं, पाठ आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी टेकलेली ठेवून खुब्यातून वाकायचं, कुल्ले मागे सरकवत. गोल कंबरेने वाकलं की काठी सुटते, ओरडून सांगायला कोणी लागत नाही. हे जमायला लागलं तेव्हा हातात पाण्याची कॅन दिली, मग अर्धं भरलेलं पोतं. असं वजन घेऊन हळूहळू खाली जाताना हॅमस्ट्रिंग ताणातच काम करते, त्यामुळे लांबी आणि बळ दोन्ही एकाच व्यायामात मिळतात. मला विचाराल तर सगळ्यांत कामाचा व्यायाम हाच.

ट्रॅक्टरवरही पाहून आले. सीटचा मागचा भाग दबून खड्डा झाला होता, त्यामुळे बसल्याबरोबर कंबर गोल व्हायची. मागच्या बाजूला बारदान्याची घडी घालून खड्डा भरला, सीट एक खाच पुढे घेतली म्हणजे क्लच दाबायला पाय पूर्ण लांबवावा लागू नये. नांगर मागे कसा चालतो ते पाहायला भाऊ दिवसभर उजवीकडूनच वळून पाहायचे. एकेका तासाला बाजू बदलायला सांगितलं. पाऊण तासाने वावराच्या कडेला उतरायचं, उडी न मारता, धरून, पाठमोरं. उतरल्याबरोबर पोतं उचलायचं नाही, आधी धुऱ्यापर्यंत जाऊन यायचं. मालकाला हे पटेल का, याची भाऊंना धास्ती होती. मालक शहाणा निघाला. ड्रायव्हर मळणीत आडवा पडण्यापेक्षा दोन मिनिटं बरी, म्हणाला.

मध्येच बिघडलं

दुसऱ्या आठवड्यात भाऊ बरे वाटायला लागल्याच्या आनंदात होते. मोबाइलवर कोणाचा तरी व्हिडिओ पाहून त्यांनी बसून पायाची बोटं धरायचा व्यायाम सुरू केला, तोही झटके देत. तिसऱ्या दिवशी कुल्ल्यापासून मांडीच्या मागे कळ उतरली आणि दोन दिवस बाजेवर.

पुन्हा तपासलं तेव्हा चित्र वेगळं होतं. पोक काढून बसायच्या चाचणीत आता मान वर केली की मांडीतली ओढ स्पष्टपणे सैल होत होती. म्हणजे या घडीला ओढ नसेची होती. ताकद आणि संवेदना ठीक असल्याने घाबरायचं कारण नव्हतं, पण चिडलेल्या नसेला ताण देणं म्हणजे आगीत तेल. हॅमस्ट्रिंगचा ताण पूर्ण बंद केला. त्याजागी नस नुसती पुढेमागे सरकेल अशी हालचाल दिली: खुर्चीवर बसून गुडघा सरळ करताना मान वर, गुडघा वाकवताना मान खाली. ओढ लागायच्या आत थांबायचं. चालणं चालू ठेवलं, खुब्याच्या पुढचा ताण चालू ठेवला. आठवडाभरात चाचणी पुन्हा पहिल्यासारखी झाली आणि चौकट परत सुरू झाली.

बाहेरून दोन्ही वेळा तक्रार एकच होती, 'मांडीच्या मागे ओढतं'. पहिल्या वेळी ताण हा इलाज होता, दुसऱ्या वेळी ताण हेच कारण. घरबसल्या व्हिडिओ पाहून पाय ताणणाऱ्यांनी निदान एवढं लक्षात ठेवावं: ओढ मांडीच्या मधोमध, बोथट आणि सोडल्यावर लगेच जाणारी असेल तर ती बहुधा स्नायूची. मुंग्या आल्या, कळ गुडघ्याखाली उतरली, किंवा मान हलवल्याने ती कमीजास्त झाली तर थांबा आणि तपासून घ्या.

मळणीचे दिवस

सहा आठवड्यांनी माप घेतलं. वाकताना बोटं जमिनीपासून 17 सेंटिमीटरवर. गुडघा सरळ करायला डावीकडे 40 ऐवजी 22 अंश कमी. डावी मांडी टेबलापासून जेमतेम 5 अंश वर. भिंतीचं अंतर डावीकडे 4 चं 7. वेदना 3, रोलँड-मॉरिस 14 वरून 6. या प्रश्नावलीत मूळ आकड्याच्या 30 टक्के फरक पडला तरी तो पेशंटला जाणवण्यासारखा मानतात, इथे निम्म्याहून जास्त पडला.

पण पोळ्यानंतरचे दिवस तसेही आरामाचे. नुसत्या विश्रांतीनेही आकडा खाली आला असता, आणि दुखणं सगळ्यांत जास्त असताना माणूस दवाखान्यात येतो, त्यामुळे त्यानंतर थोडं बरं वाटतंच. खरी कसोटी सोयाबीनची होती. तीन आठवडे रोज मळणी, त्यात पोती उचलून ट्रॉलीत टाकणं. त्या दिवसांत वेदना 5 पर्यंत गेली. एकही खाडा झाला नाही, सुई घेतली नाही, गोळी दोनदा घेतली. मागच्या हंगामात याच कामात आठ दिवस घरी बसले होते, हे वहिनींनी मुद्दाम सांगितलं. हरभऱ्याची पेरणी झाल्यावर पाहिलं तेव्हा रोलँड-मॉरिस 4 वर होतं आणि भाऊ फरशीवर झोपत होते. सकाळची जखडण अजून थोडी आहे. डावी पोटरी अजून आखडलेलीच आहे, तिच्याकडे त्यांनी सगळ्यांत कमी लक्ष दिलं. उकिडवं बसताना टाच टेकते, पण फार वेळ नाही. चौकटीचा व्यायाम आठवड्यातून तीन-चार दिवसांवर आणला आहे, वजन घेऊन खुब्यातून वाकणं मात्र सोडायचं नाही असं ठरलं आहे.

शेवटच्या खेपेला वहिनी म्हणाल्या, "मलेई तेच सांगा ना मॅडम, माईही कंबर कापूस वेचून वेचून गेली." त्यांना तपासलं. पाय सरळ वर उचलला तर 90 च्या पुढे गेला, वाकल्यावर अख्खे तळहात जमिनीला टेकले, थॉमस टेस्टमध्ये मांडी टेबलाला. ताणण्यासारखं काहीच नव्हतं. आयुष्यभर पऱ्हाटीत वाकून त्यांचे पाय गरजेपेक्षा जास्तच सैल झाले होते. मात्र एका पायावर कंबर उचलून त्यांना मोजून तीन सेकंदही राहता आलं नाही, आणि कापसाची ओटी भरत आली की सगळं वजन उजव्या बाजूला लोंबतं. त्यांना चौकट दिली नाही. सेतुबंध, काठी आणि मग वजन, आणि ओटी अर्धी भरली की रिकामी करून यायची. त्यावर त्यांचं म्हणणं असं की वेचणीचा पैसा किलोवर मिळतो, खेपा वाढल्या की वेचणं कमी होतं. अर्धीऐवजी पाऊण ओटीवर आमचं जमलं.